एफ-टीआर स्पर्धेसाठी स्कोप: ५५-६० पट मॅग्निफिकेशनचा खरोखर उपयोग होतो का?

नवा पल्ला यांचा प्रश्न

जाणकारांना नमस्कार. आजवर माझी नेमबाजी ३०० मीटरच्या आतली होती. येत्या हंगामापासून ३०० ते १,००० यार्ड पल्ल्यांच्या एफ-टीआर (एफ-क्लास या टेकूवरच्या लांब पल्ल्याच्या नेमबाजीतील एक गट) स्पर्धांत उतरण्याचा विचार आहे. रायफल .३०८ विंचेस्टर असून बायपॉडसह (दोन पायांचा टेकू), परंतु स्कोप, त्याला धरणाऱ्या रिंगा आणि त्या बसवायची रेल वगळून, तिचे वजन ७.३ किलो भरते. एफ-टीआरमध्ये सर्व साहित्यासह ८.२५ किलोची मर्यादा असल्यामुळे या तिन्हींसाठी मिळून माझ्या हाती ९५० ग्रॅमच उरतात, ही पहिली अडचण.

सध्या रायफलवर ६-२४×५० (६ ते २४ पट, पुढचे भिंग ५० मिलिमीटरचे) स्कोप आहे. त्याची क्लिक (नॉबच्या एका खटक्याला नेम सरकतो ते माप) पाव मिनिटाची, म्हणजे कोनाच्या मिनिटाची (अंशाचा साठावा भाग), असून रेटिकल (नेमाच्या रेघा) पहिल्या फोकल प्लेनमध्ये आहे. ६०० यार्डांपर्यंत तक्रारीला जागा नव्हती. मात्र १,००० यार्डांवर २४ पटीला मध्यवर्तुळाचा बराच भाग रेटिकलच्या रेघेखाली जातो आणि आपण वर्तुळाच्या डाव्या कडेवर आहोत की उजव्या, हे खात्रीने सांगता येत नाही. म्हणून १५-५५×५२, १०-६०×५६ अशा जातीचे स्कोप पाहतो आहे. एक मत असे ऐकले की ४० पटीच्या वर कोणी जातच नाही, त्यामुळे त्या आकड्यासाठी पैसे मोजू नयेत. दुसरे मत असे की कमी पटीचा स्कोप घेतला तर वर्षभरात तो विकायची वेळ येते.

मला विचारायचे आहे ते असे: इतके मॅग्निफिकेशन प्रत्यक्ष स्पर्धेत वापरता येते का, एक अष्टमांश मिनिटाच्या क्लिकने गुणांत फरक पडतो का, आणि रेटिकल दुसऱ्या फोकल प्लेनमध्ये असणे एफ-टीआरसाठी अधिक सोयीचे आहे का? स्कोप एकदाच घ्यायचा आहे, त्यामुळे सविस्तर उत्तर मिळाल्यास आभारी राहीन.

दूरवेध यांचे उत्तर

१,००० यार्डांवर आपल्याला नेमके काय दिसायला हवे, हे आधी ठरवले तर पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात. गोळीचे छिद्र दिसण्याची गरज नाही, कारण प्रत्येक गोळीनंतर लक्ष्य खाली घेऊन छिद्रावर खुणेची चकती लावली जाते आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल तर गोळी कुठे लागली ते पडद्यावरच कळते. दिसायला हवीत ती वर्तुळे. अमेरिकी एफ-क्लास लक्ष्यावर १,००० यार्डांसाठी एक्सचे (दहाच्याही आतले, मधले) वर्तुळ ५ इंचांचे, दहाचे १० इंचांचे आणि नवाचे २० इंचांचे असते. १,००० यार्डांवर एक मिनिट म्हणजे सुमारे १०.५ इंच, म्हणजे दहाचे वर्तुळ जेमतेम एका मिनिटाचे आणि एक्स त्याच्या निम्मे. निरोगी डोळ्याची भेदक्षमता साधारण एक मिनिट धरली जाते. तेव्हा अर्ध्या मिनिटाचे वर्तुळ २४ पटीने पाहताना ते डोळ्यासमोर १२ मिनिटांचे होते. ते दिसते, यात वाद नाही. परंतु त्या वर्तुळाच्या आत आपला नेम किती सरकला हे ओळखायचे असेल, तर ३५ ते ४५ पट हाताशी असलेली बरी. आपली तक्रार रास्त आहे, पण तिचे निम्मे कारण मॅग्निफिकेशन नसून रेटिकलची जाडी आहे. त्याकडे पुढे येतो.

आता वरच्या टोकाचा आकडा. ऑब्जेक्टिव्हचा (पुढच्या भिंगाचा) व्यास मॅग्निफिकेशनने भागला की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ५२ मिलिमीटरच्या भिंगाला ५५ पटीवर तो ०.९५ मिलिमीटर भरतो, ३० पटीवर १.७ मिलिमीटर, मार्च कंपनीच्या ८-८०×५६ स्कोपला ८० पटीवर तर तो फक्त ०.७ मिलिमीटर उरतो. लख्ख उन्हातही डोळ्याची बाहुली दोन मिलिमीटरच्या आसपास उघडी असते, त्यामुळे झोत त्याहून बारीक होत गेला की चित्र काळवंडू लागते, डोके किंचित हलले तरी ते नाहीसे होते, आणि एक मिलिमीटरच्या खाली गेल्यावर स्वतःच्या डोळ्यातील तरंगते ठिपकेही लक्ष्यावर दिसू लागतात. शिवाय भिंगाच्या व्यासाने ठरणारी भेदक्षमतेची एक मर्यादा असते: ११६ ला मिलिमीटरमधील व्यासाने भागले की ती कोनाच्या सेकंदांत (मिनिटाचा साठावा भाग) मिळते. ५२ मिलिमीटरसाठी ती २.२ सेकंद, म्हणजे १,००० यार्डांवर सुमारे एक सेंटिमीटर येते. हे भिंगाने टिपलेले तपशील डोळ्यापर्यंत पोहोचवायला सुमारे २७ पट पुरते, ते आरामात दिसावेत म्हणून त्याच्या दीडपट-दुप्पट घ्यावे. त्यापुढे चित्र मोठे होते, पण त्यात नवे काही दिसत नाही.

हे सगळे हवा स्थिर असताना. हवा स्थिर असते ती पहाटे आणि ढगाळ दिवशी. ऊन चढल्यावर जमिनीलगतची तापलेली हवा भिंगाच्या मर्यादेच्या कितीतरी पट जास्त चित्र विस्कटते; वर्तुळे वितळल्यासारखी दिसतात आणि ५५ पटीवर आपण लक्ष्याऐवजी मिराजच (तापलेल्या हवेच्या लहरी) मोठा करून पाहत असतो. अशा वेळी बहुतेक नेमबाज २५ ते ३५ पटीपर्यंत खाली येतात. लहरी तेवढ्याच असतात, पण वर्तुळाच्या कडा डोळ्याला पुन्हा सापडतात. म्हणून माझे मत असे की कमाल आकड्यापेक्षा २५ ते ४५ या टप्प्यात स्कोपचे चित्र कसे आहे, यावर निवड करावी. कमी विखुरणाच्या ईडी काचेने रंगीत कडा जातात आणि चित्राचा कॉन्ट्रास्ट सुधारतो, हा फायदा या टप्प्यात स्पष्ट जाणवतो. मिराज मात्र कोणत्याही काचेने जात नाही. जाहिरातींत तसे सुचवलेले दिसले तर तेवढे वाक्य सोडून पुढे वाचावे.

रेटिकलबद्दल. पहिल्या फोकल प्लेनमध्ये ते मॅग्निफिकेशनबरोबर लहानमोठे होते, त्यामुळे त्यावरच्या खुणांचे माप प्रत्येक पटीला खरे राहते. अंतर अज्ञात असताना आणि एकामागून एक वेगळ्या पल्ल्यांची लक्ष्ये घ्यायची असताना हा गुण अमूल्य आहे. एफ-क्लासमध्ये अंतर ठरलेले असते आणि वाऱ्यासाठी नेम बाजूला धरताना मापपट्टी म्हणून लक्ष्यावरची वर्तुळेच समोर असतात. तेव्हा दुसऱ्या फोकल प्लेनमधील, पट वाढवली तरी बारीकच राहणारी रेघ आणि मध्ये एक अष्टमांश मिनिटाचा ठिपका अधिक उपयोगी पडतो. तो ठिपका १,००० यार्डांवर १.३ इंच झाकतो, म्हणजे पाच इंचांच्या एक्सच्या मध्यावर बसूनही चहूबाजूंनी मोकळी जागा ठेवतो. खुणांनी भरलेले रेटिकल या खेळात अडगळ ठरते.

बारा क्लिक यांचे उत्तर

दूरवेध यांच्या बहुतेक गणिताशी मी सहमत आहे, परंतु वरच्या आकड्याला त्यांनी जरा जास्तच स्वस्तात काढले. सकाळच्या पहिल्या फेरीत हवा शांत असते आणि तेव्हा ५० पटीवर एक्सच्या आतला नेम डोळ्याला इतका शांतपणे दिसतो की गोळ्यांचा उभ्या दिशेतला विस्तार कमी झाल्याचा अनुभव अनेकांना आहे. वय वाढलेल्या डोळ्यांना तर हा फरक अधिकच जाणवतो. दुसरे असे की मिराज हा केवळ त्रास नाही. लहरी कोणत्या दिशेला आणि किती वेगाने वाहत आहेत, हे वाऱ्याचे सर्वांत जवळचे चिन्ह आहे, कारण झेंडे फक्त रोवलेल्या जागेचा वारा दाखवतात. .३०८ च्या नेहमीच्या गोळ्यांना ताशी एक मैलाचा आडवा वारा १,००० यार्डांवर सुमारे पाऊण ते एक मिनिट ढकलतो. दहाच्या वर्तुळाची त्रिज्या अर्धाच मिनिट आहे हे लक्षात घेतले, तर ताशी एक मैलाचा अंदाज चुकणे म्हणजे गोळी थेट नवात. अशा खेळात लहरींचा वेग बदललेला ज्या स्कोपमधून लवकर कळतो, तो मला महाग वाटत नाही.

मात्र एक अट आहे. लहरी वाचण्यासाठी फोकस लक्ष्याच्या किंचित अलीकडे आणावा लागतो, आणि तो तसाच विसरून नेम धरला तर लक्ष्य धूसर राहते. मी हे काम जमिनीवर तिवईवर ठेवलेल्या वेगळ्या दुर्बिणीला देतो आणि रायफलचा फोकस लक्ष्यावरून हलवत नाही. आपण ही दोन्ही कामे एकाच स्कोपकडून करून घेणार असाल तर फोकसचा नॉब हलका आणि बिनधक्क्याचा हवा.

क्लिकबद्दल माझा कल एक अष्टमांशाकडे आहे. पाव मिनिट म्हणजे १,००० यार्डांवर २.६ इंच, अष्टमांश म्हणजे १.३ इंच. गोळ्यांचा गट मध्यावर आणताना पाव मिनिटाच्या क्लिकने जास्तीत जास्त १.३ इंचांची कसर राहते. दहासाठी ती काहीच नाही. बरोबरीचा निर्णय एक्सच्या संख्येवर लागतो तेव्हा आहे. याची किंमत म्हणजे नॉब जास्त फिरवावा लागतो. एका फेऱ्यात दहा मिनिटे असतील तर तो ८० क्लिकचा फेरा होतो, आणि १०० यार्डांच्या झिरोपासून (त्या पल्ल्यावर जुळवलेल्या नेमापासून) १,००० पर्यंत जाताना असे तीनहून अधिक फेरे होतात. फेरा मोजण्यात गफलत झाली तर गोळी शंभर इंचांहून अधिक वर किंवा खाली जाते, म्हणजे लक्ष्याबाहेरच. नॉबखाली फेऱ्यांच्या रेघा स्पष्ट कोरलेल्या आहेत का, ते दुकानातच पाहून घ्यावे.

नवा पल्ला

दोघांचे मनःपूर्वक आभार. दुसऱ्या फोकल प्लेनबद्दल माझी शंका फिटली. ज्या १५-५५×५२ प्रकारच्या स्कोपकडे माझा कल झुकतो आहे, त्यात उभ्या दिशेचा एकूण प्रवास (नेम वरखाली सरकवण्याची मर्यादा) ५५ मिनिटांचा आहे. तो १,००० यार्डांना पुरेल का? तसेच नवा स्कोप हाती आल्यावर तो विश्वासार्ह आहे हे स्पर्धेआधी कसे पडताळावे, याविषयी कोणी लिहिले तर बरे होईल.

पाणसळ यांचे उत्तर

प्रवासाचे गणित सोपे आहे आणि खरेदीआधी करायलाच हवे. ५५ मिनिटांचा प्रवास म्हणजे यांत्रिक मध्यापासून वर २७.५ आणि खाली २७.५. .३०८ ला १०० यार्डांच्या झिरोपासून १,००० यार्डांसाठी, गोळी आणि वेगानुसार, तीस मिनिटांच्या आसपास किंवा थोडे अधिक वर जावे लागते. सपाट रेलवर हा स्कोप तोकडा पडेल. २० मिनिटांचा उतार असलेल्या रेलवर वरच्या दिशेला ४७.५ मिनिटे मिळतात आणि खाली ७.५ उरतात, त्यामुळे १०० यार्डांचा झिरोही निसटत नाही. आणखी एक लाभ असा की १,००० यार्डांची जुळणी, समजा ३२ मिनिटांची, यांत्रिक मध्यापासून केवळ १२ मिनिटांवर येते. स्कोपच्या नळीच्या आतील भिंगांचा संच मध्याजवळ असताना चित्र उत्तम असते आणि आडव्या दिशेलाही पुरेसा प्रवास शिल्लक राहतो. संच अगदी टोकाला गेला की गोल नळीत तो बाजूला सरकायला जागा उरत नाही, ही गोष्ट तपशीलपत्रात कोणी लिहीत नाही.

पडताळणीबद्दल माझी मते थोडी ठाम आहेत, त्याबद्दल क्षमस्व. स्पर्धेत स्कोपकडून काच आणि मॅग्निफिकेशन यांच्याआधी एकच अपेक्षा असते: क्लिक दिली की तेवढेच सरकावे आणि धक्का बसल्यावर जागेवर राहावे. चित्र थोडे फिके असलेल्या स्कोपने गुण मिळतात. रेटिकल स्वतःहून अष्टमांश मिनिट इकडेतिकडे करणाऱ्या स्कोपने मिळत नाहीत, आणि नेमबाज मात्र दोष वाऱ्याला देत राहतो.

घरी करता येणारी तपासणी बिनगोळ्यांची आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून घ्यावी, बोल्ट काढून ठेवावा आणि ती वाळूच्या पिशव्यांवर किंवा शिकंज्यात इतकी पक्की बसवावी की नॉब फिरवताना हलणार नाही. दूरवरच्या एखाद्या स्थिर खुणेवर रेटिकल आणून फोकसचा नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवावा, मग मॅग्निफिकेशनचे कडे फिरवावे. खुणेवरून रेटिकल सरकता कामा नये. दुसऱ्या फोकल प्लेनच्या स्कोपमध्ये पट बदलताना नेमबिंदू हलण्याची शक्यता रचनेतच असते, म्हणून ही तपासणी आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे, कारण मिराज वाढल्यावर आपण भर फेरीत ५० वरून ३० वर येणार आहात.

त्यानंतर उंच लक्ष्याची चाचणी. १०० यार्डांवर पाच-सहा फुटी पुठ्ठा लावून त्यावर ओळंब्याने उभी रेघ आखावी, तळाशी गोळ्यांचा एक गट घ्यावा, ३० मिनिटे वर क्लिक देऊन त्याच खालच्या बिंदूवर नेम धरून दुसरा गट घ्यावा, आणि पुन्हा शून्यावर येऊन तिसरा. वरचा गट ३१.४ इंचांवर लागला पाहिजे. तो बरोबर ३० इंचांवर लागला तर क्लिक खऱ्या मिनिटाची नसून १०० यार्डांना एक इंच या हिशेबाची आहे, आणि १,००० यार्डांवर ३० मिनिटे देताना हा फरक १४ इंचांचा होतो. एक गंमत अशी की ठरलेल्या पल्ल्यांच्या एफ-क्लासमध्ये ही प्रमाणातली चूक फारशी बाधत नाही. चाचणीच्या गोळ्यांत जुळणी करून ती कायमची वहीत नोंदवता येते. अज्ञात अंतराच्या स्पर्धांत तीच चूक घातक ठरते. आपल्याला खटकायला हवा तो तिसरा गट: तो पहिल्याच्या जागी परत आला नाही, तर स्कोप परत करावा आणि त्यावर जास्त विचार करू नये.

उभी रेघ ओळंब्याने आखण्याचे कारण वेगळे आहे. गट रेघेवरून बाजूला गेला तर रेटिकल तिरके बसले आहे असे समजावे. रायफल एका अंशाने कलली तर ३० मिनिटांच्या उंचीमागे अर्ध्या मिनिटाहून थोडे अधिक बाजूला सरकते, म्हणजे १,००० यार्डांवर पाच-साडेपाच इंच. पूर्ण एक्सएवढे अंतर नुसत्या कलण्यात खर्च होऊ नये म्हणून स्कोपच्या नळीवर छोटी पाणसळ (बुडबुड्याची समपातळी) बसवावी आणि प्रत्येक गोळीआधी तिच्याकडे एक दृष्टी टाकावी.

पॅरॅलॅक्सविषयी (डोळा हलला की रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखे दिसण्याविषयी) येथे कोणी लिहिले नाही, पण त्याची भीती थोडी अवाजवी आहे. कमाल चूक ऑब्जेक्टिव्हची त्रिज्या गुणिले फोकसमधील प्रमाणशीर फरक इतकी असते. ५६ मिलिमीटरचा स्कोप चुकून ५०० यार्डांवर ठेवून १,००० वर नेम धरला, तरी ती २८ मिलिमीटरच्या पुढे जात नाही, आणि तीही डोळा अगदी कडेला गेला तर. म्हणून नॉबवरच्या आकड्यांवर विसंबू नये एवढेच पुरे: आधी मोकळ्या आकाशाकडे पाहून, एकेक क्षणच नजर टाकत, नेत्रभिंगाच्या कड्याने रेटिकल सुस्पष्ट करावे, मग लक्ष्यावर फोकस करून डोके हलवून पाहावे.

दूरवेध

पाणसळ यांच्या तिसऱ्या गटाच्या कसोटीला माझे पूर्ण अनुमोदन. वजनाचा मुद्दा राहून गेला होता, तो येथे पुरा करतो. नाइटफोर्सचा कॉम्पिटिशन १५-५५×५२ साधारण ७९० ग्रॅमचा आहे. ३० मिलिमीटरची नळी, दुसरे फोकल प्लेन, अष्टमांश क्लिक. आपल्याकडे रिंगा आणि रेल मिळून १६० ग्रॅम उरतात, जे अॅल्युमिनियमचे साहित्य घेतले तर जमते, पण पाणसळ आणि ऑब्जेक्टिव्हपुढची सावलीनळी धरली तर काटा मर्यादेला टेकेल. ५६ किंवा ६० मिलिमीटरच्या जड स्कोपचा विचार करायचा असेल तर आधी बायपॉड किंवा रायफलच्या नळीचे वजन कमी करावे लागेल. एफ-ओपन या एफ-क्लासच्या दुसऱ्या गटात दहा किलोची मुभा असल्यामुळे तिथल्या मंडळींचा सल्ला वजनाबाबत जसाच्या तसा घेऊ नये.

आणखी एक सूचना. लांब फेरीत रायफलची नळी तापल्यावर तिच्यावरूनच उष्ण हवा स्कोपसमोर चढू लागते आणि नेमबाज तिला मैदानातला मिराज समजतो. नळीवर लांबट कापडी किंवा प्लास्टिकची पट्टी ताणून लावली तर ही हवा बाजूला वळते, आणि पट्टीचे वजन नगण्य आहे.

नवा पल्ला

रेल २० मिनिटांची घ्यायचे ठरवले. स्कोप मात्र आधी एका सहकाऱ्याकडून उसना मिळतो आहे. तो दुपारच्या उन्हात २५, ३५ आणि ५० पटीवर पाहून, आणि रायफल त्याच्यासह काट्यावर ठेवून, मगच मागणी नोंदवेन. शेजारच्या लक्ष्यावर चुकून गोळी जाऊ नये यासाठी इतक्या पटीवर क्रमांकाची पाटी दिसते का, हे कोणी सांगू शकेल का?

बारा क्लिक

४० पटीच्या आसपासच्या स्कोपमध्ये १,००० यार्डांवर साधारण पंचवीस-तीस फुटांचा पट्टा दिसतो. आपले लक्ष्य आणि खालची पाटी त्यात मावते, पल्ला कमी झाला की पट्टाही त्याच प्रमाणात अरुंद होतो. ३०० यार्डांवर तो जेमतेम आठ-नऊ फुटांचा राहतो, तेव्हा तिथे पट कमी करून आधी पाटी वाचावी, मग वर जावे. धक्क्याने रायफल शेजारच्या लक्ष्यावर सरकते ती बहुधा दोन गोळ्यांच्या मध्ये, म्हणून पाटी प्रत्येक गोळीआधी पुन्हा पाहावी.